वाचक विचारतात : कंगव्यावरची वीज आणि तारेतली वीज

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे विजेविषयी होती आणि त्यांतली बहुतेक शाळकरी वाचकांची, त्यांच्या शिक्षकांची किंवा पालकांची होती. सातवी ते नववीच्या विज्ञानात स्थितिक विद्युत आणि धाराविद्युत हे विषय वेगवेगळ्या पाठांत येत असल्यामुळे त्यांचा परस्परसंबंध अनेकांच्या मनात धूसर राहतो, असे या पत्रांवरून दिसते. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत नागपूरला मावशीकडे असताना कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग पहिल्याच वेळी जमला. तोच प्रयोग जूनमध्ये चिपळूणला वर्गात करून दाखवायला गेले, तर एकही कपटा हलला नाही. कंगवा तोच होता. असे का झाले? (इयत्ता आठवी, चिपळूण)

दोष कंगव्याचा नाही आणि तुमचाही नाही. दोष जूनमधल्या कोकणातल्या हवेचा आहे. प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांतून फिरला की केसांतले काही इलेक्ट्रॉन कंगव्यावर येतात. त्यामुळे कंगव्यावर ऋणप्रभार आणि केसांवर तितकाच धनप्रभार येतो. प्लॅस्टिक विजेचे दुर्वाहक असल्याने हा प्रभार जिथे आला तिथेच बसून राहतो, आणि कपटे उचलले जातात ते त्याच्या या बसून राहण्यामुळेच.

‘दमट हवा विजेची सुवाहक असते, म्हणून प्रभार हवेत निघून जातो’ असे स्पष्टीकरण अनेक ठिकाणी वाचायला मिळते, पण ते फारसे बरोबर नाही. पाण्याची वाफ मिसळल्याने हवा काही चांगली वाहक होत नाही. खरी गोष्ट अशी की हवेत बाष्प जास्त असले की कंगव्याच्या पृष्ठभागावर, केसांवर आणि हाताच्या बोटांवर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर जमतो. त्यात घामातले आणि धुळीतले क्षार विरघळतात, आणि या थरावरून प्रभार तुमच्या हातात, तेथून शरीरात आणि शेवटी जमिनीत निघून जातो. म्हणजे गळती पृष्ठभागावरून होते. चिपळूणला पावसाळ्यात प्रयोग करायचाच असेल, तर कंगवा साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करा, केस तेल न लावलेले आणि वाळलेले ठेवा, आणि कपटे काही मिनिटे दिव्याच्या उबेत ठेवून मग वापरा. यश येण्याची शक्यता बरीच वाढेल.

याच प्रयोगात एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे आणि ती सहसा कोणी पाहत नाही. कपटा कंगव्याला चिकटला की आपण प्रयोग संपला असे समजतो. तसे न करता कंगवा स्थिर धरून थोडा वेळ थांबा. काही कपटे थरथरतात आणि मग अचानक टुणकन उडून दूर पडतात. कागदावर मुळात कोणताही प्रभार नव्हता; ऋणप्रभारित कंगवा जवळ आल्यावर कागदाची जवळची बाजू किंचित धन आणि दूरची बाजू किंचित ऋण झाली. जवळच्या बाजूचे आकर्षण दूरच्या बाजूच्या प्रतिकर्षणापेक्षा अधिक भरल्यामुळे कपटा ओढला गेला. चिकटल्यावर मात्र कंगव्यावरचा थोडा ऋणप्रभार कपट्यावर आला, दोघांचा प्रभार सजातीय झाला आणि त्याच कंगव्याने त्याला झिडकारले. आकर्षण आणि प्रतिकर्षण ही दोन्ही एकाच प्रयोगात दाखवता येतात, हे वर्गात सांगायला हरकत नाही.

प्रश्न : ‘घर्षणाने विद्युतप्रभार निर्माण होतो’ असे विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिले, तर ते बरोबर धरावे का? (विज्ञान शिक्षिका, धाराशिव जिल्हा)

गुण द्यावेत, पण शेजारी लाल शाईने एक ओळ जरूर लिहावी. प्रभार निर्माण होत नाही, त्याची फक्त देवाणघेवाण होते. घासण्यापूर्वी काचेची कांडी आणि रेशमी कापड या दोन्हींमध्ये धन आणि ऋण प्रभार समसमान होते. घासल्यानंतर काचेचे काही इलेक्ट्रॉन रेशमावर गेले आणि काच धनप्रभारित झाली. दोघांची बेरीज पूर्वीही शून्य होती आणि नंतरही शून्यच आहे. प्रभाराच्या अक्षय्यतेचा हा नियम आजवर कोणत्याही प्रयोगात मोडलेला नाही.

दुसरे असे की यात घर्षणाला आपण गरजेपेक्षा जास्त महत्त्व देतो. दोन भिन्न पदार्थ एकमेकांना नुसते टेकवून वेगळे केले, तरी प्रभाराची देवाणघेवाण होते. घासल्यामुळे एवढेच होते की खडबडीत पृष्ठभागांचे अधिकाधिक बिंदू एकमेकांना स्पर्श करतात. चिकटपट्टीचा तुकडा टेबलावर चिकटवून झटकन ओढून काढला, तर तो हाताकडे ओढला जातो. तेथे कोणी काही घासलेले नसते.

प्रश्न : स्थितिक विद्युत आणि धाराविद्युत हे विजेचे दोन वेगळे प्रकार आहेत का? एकीने कागद उचलला जातो पण दिवा लागत नाही, दुसरीने दिवा लागतो पण वायर कागद उचलत नाही. मग त्या एकच कशा? (इयत्ता नववी, सोलापूर)

या महिन्यातला मला सर्वांत आवडलेला प्रश्न हा आहे, कारण ही शंका तुमच्याआधी युरोपातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही होती. व्होल्टाने १८०० मध्ये जस्त, तांबे किंवा चांदी यांच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे एकावर एक रचून सतत वाहणारी वीज मिळवली, तेव्हा ती आणि काच घासून मिळणारी वीज एकच आहे का, यावर पुढे कितीतरी वर्षे वाद चालू राहिला. त्यात विद्युतमाशाच्या झटक्याची वीज होती, दोन धातूंचा सांधा तापवून मिळणारी वीज होती, आणि १८३१ मध्ये फॅरेडेने चुंबक व तारेचे वेटोळे वापरून मिळवलेली वीजही होती. या सगळ्या एकाच गोष्टीची रूपे आहेत की निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे कोणालाही ठामपणे सांगता येत नव्हते.

मायकेल फॅरेडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हा प्रश्न हाती घेतला आणि १८३३ मध्ये त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. त्याची पद्धत साधी पण चिकाटीची होती. विजेचे जेवढे परिणाम माहीत होते (चुंबकसूचीचे विचलन, द्रावणाचे रासायनिक विघटन, उष्णता, ठिणगी, शरीराला बसणारा झटका), तेवढे सगळे प्रत्येक प्रकारच्या विजेपासून मिळतात का, हे त्याने एकेक करून तपासले. अडचण घर्षणाच्या विजेची होती. ती क्षणार्धात निघून जाते, त्यामुळे सूची हलण्याआधीच सगळे संपते. फॅरेडेने तिच्या वाटेत ओला दोरा घातला. दोऱ्यातून ती हळूहळू वाहू लागली आणि गॅल्व्हानोमीटरची (प्रवाह दाखवणाऱ्या उपकरणाची) सूची, व्होल्टाच्या विजेने हलते तशीच, हलली.

तो तेवढ्यावर थांबला नाही, त्याने मोजमापही केले. काचेची मोठी तबकडी फिरवून वीज साठवणारे एक यंत्र त्याच्याकडे होते. त्याच्या ३० फेऱ्यांमध्ये साठलेली वीज गॅल्व्हानोमीटरमधून सोडल्यावर सूची किती वळते, हे त्याने पाहिले. मग त्याने प्लॅटिनमची आणि जस्ताची अशा सुमारे दीड मिलिमीटर जाडीच्या दोन तारा घेतल्या, चार औंस पाण्यात सल्फ्युरिक आम्लाचा एकच थेंब टाकला आणि त्या तारा त्यात जेमतेम दीड सेंटिमीटर बुडवल्या. मिनिटाला १५० ठोके देणाऱ्या त्याच्या घड्याळाचे ८ ठोके होईपर्यंत, म्हणजे तीन सेकंदांहून थोडा अधिक वेळ, त्या तारा द्रावणात राहिल्या, की सूची तितकीच वळत होती. पोटॅशियम आयोडाइडने भिजवलेल्या कागदावर होणारे रासायनिक विघटनही दोन्हींत सारखेच आढळले. ठिणग्या उडवणारे, माणसाला दचकवणारे ते अजस्र यंत्र ३० वेळा फिरवून जेवढा प्रभार मिळतो, तेवढा प्रभार अंगाला जाणवणारही नाही अशा दोन तारा तीन सेकंदांत देतात, हा या प्रयोगाचा अर्थ आहे.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. दोन्हीकडे प्रभार तोच, इलेक्ट्रॉन तेच. कंगव्यावर प्रभार अत्यंत थोडा असतो, पण विभव हजारो व्होल्टचे असते, आणि कागद ओढण्यासाठी लागणारे तीव्र विद्युतक्षेत्र त्यातून मिळते. घड्याळात घालतो त्या दीड व्होल्टच्या सेलमध्ये विभवांतर नगण्य असते. म्हणून त्याच्या टोकाला कागद चिकटत नाही. पण तोच सेल संपेपर्यंत काही हजार कूलॉम प्रभार वाहून नेऊ शकतो. एक कूलॉम म्हणजे एकावर अठरा शून्ये मांडून येणाऱ्या संख्येच्या सहापटीहून थोडे अधिक इलेक्ट्रॉन. कंगव्यावर एका कूलॉमचा कोट्यवधीवा भाग असला, तरी पुष्कळ म्हणायचे. शिवाय सेलमधील रासायनिक क्रिया, एकीकडून गेलेला प्रभार दुसरीकडे पुन्हा उभा करत राहते; कंगव्यामागे अशी कोणतीही यंत्रणा नसते, त्यामुळे एकदा प्रभार गेला की गेला.

प्रश्न : थंडीच्या दिवसांत गाडीतून उतरताना दाराला हात लागला की झटका बसतो. मुलगा म्हणतो की तो हजारो व्होल्टचा असतो. तसे असेल, तर घरातल्या २३० व्होल्टने माणूस दगावतो आणि या हजारो व्होल्टने काहीच कसे होत नाही? (पालक, पुणे)

मुलाचे म्हणणे बरोबर आहे. कोरड्या हवेत ठिणगी पडण्यासाठी दर सेंटिमीटरला सुमारे ३०,००० व्होल्ट लागतात, म्हणजे बोट आणि दार यांच्यामध्ये एक-दोन मिलिमीटरची ठिणगी दिसली, तर विभवांतर काही हजार व्होल्टचे होते हे नक्की. सीटच्या कापडावरून आपले कपडे सरकून वेगळे होतात तेव्हा शरीरावर प्रभार येतो, आणि बुटांचे तळ रबरी असल्याने तो जमिनीत जात नाही.

मात्र झटक्याचा धोका केवळ व्होल्टवर ठरत नाही. शरीरातून किती प्रवाह गेला आणि तो किती वेळ टिकला, यावर ठरतो. माणसाच्या शरीराची प्रभार साठवण्याची क्षमता फार कमी आहे. शरीर १०,००० व्होल्टपर्यंत प्रभारित झाले, तरी त्यावर साधारण एका कूलॉमचा दशलक्षांश भाग एवढाच प्रभार असतो आणि त्याची ऊर्जा सुमारे ५ मिलिजूल भरते. १०० ग्रॅमचे वजन अर्धा सेंटिमीटर उचलायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढीच ही. ठिणगीच्या क्षणी प्रवाह काही अँपिअरपर्यंत जाऊ शकतो, पण तो एका सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही कमी वेळात संपतो, त्यामुळे स्नायूंना किंवा हृदयाला त्याचा त्रास होण्याआधीच खेळ आटोपलेला असतो.

घरातल्या विजेची गोष्ट वेगळी आहे. ओल्या हातांनी आणि अनवाणी पायांनी फेजच्या तारेला स्पर्श झाला आणि शरीराचा रोध २,००० ओहम धरला, तर ओहमच्या नियमानुसार २३० भागिले २,००० म्हणजे ०.११५ अँपिअर, अर्थात ११५ मिलिअँपिअर प्रवाह वाहील. सुमारे १ मिलिअँपिअरला मुंग्या आल्यासारखे वाटते. १० ते २० मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आखडून तार सोडता येत नाही. आणि १०० मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह छातीतून गेला, तर हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन मृत्यू येऊ शकतो. मुख्य म्हणजे हा पुरवठा थांबत नाही. हात सुटेपर्यंत किंवा कोणी मेन स्विच बंद करेपर्यंत तो चालूच राहतो. म्हणूनच घरात केवळ एमसीबीवर विसंबू नये. एमसीबी वायर तापून आग लागू नये यासाठी असतो. माणसाला वाचवण्यासाठी ३० मिलिअँपिअरच्या गळतीला क्षणात तुटणारा आरसीसीबी लागतो, आणि मुले असलेल्या घरात तर तो असायलाच हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्थितिक विद्युत निरुपद्रवी असते, असा निष्कर्ष मात्र यातून काढू नये. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण पेटायला एका मिलिजूलपेक्षाही कमी ऊर्जा पुरते. म्हणूनच पंपावर टँकर रिकामा करण्यापूर्वी त्याला आर्थिंगची तार जोडलेली दिसते. आणि आकाशातली वीज ही स्थितिक विद्युतच आहे. फरक एवढाच की तेथे ढगातून सुमारे २० कूलॉम प्रभार एकदम खाली येतो आणि प्रवाह हजारो अँपिअरचा असतो. १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे गेओर्ग रिखमन हा शास्त्रज्ञ वादळातल्या विजेचे मोजमाप करत असताना तिच्याच आघाताने मरण पावला. आपल्याकडे मराठवाड्यात आणि विदर्भात पावसाळ्याच्या तोंडावर शेतात असलेली माणसे आणि जनावरे दरवर्षी विजेने दगावतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे अ‍ॅप आसपास वीज पडण्याची सूचना देते. गावाकडे राहणाऱ्यांनी ते मोबाइलमध्ये ठेवावे.

गाडीच्या झटक्यावर उपाय सोपा आहे. सीटवरून उठण्यापूर्वीच दाराच्या चौकटीचा रंग नसलेला धातूचा भाग धरावा आणि तो धरूनच पाय जमिनीवर टेकवावेत. प्रभार साठण्याआधीच निघून जातो.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनासाठी चार लिंबे, तांब्याच्या पट्ट्या आणि जस्ताचा मुलामा दिलेले खिळे घेऊन बॅटरी केली. मल्टिमीटरवर ३.६ व्होल्ट दिसले, पण टॉर्चचा ३ व्होल्टचा बल्ब लागला नाही. लाल एलईडी मात्र मंद लागला. आमचे काय चुकले? (इयत्ता नववी, जळगाव)

काहीच चुकले नाही. उलट जोडणी उत्तम झाली आहे, कारण प्रत्येक लिंबाने ०.९ व्होल्ट दिले आणि ते एकसर जोडणीत बरोबर मिळाले.

घोटाळा लिंबाच्या आतल्या रोधाचा आहे. लिंबाच्या रसातून आयनांना वाट काढत जावे लागते; त्यामुळे एका लिंबाचा अंतर्गत रोध साधारण १,००० ओहमच्या घरात असू शकतो, म्हणजे चार लिंबांचा ४,००० ओहम. मल्टिमीटर जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, म्हणून त्यावर पूर्ण ३.६ व्होल्ट दिसतात. बल्ब जोडला की चित्र बदलते. टॉर्चच्या बल्बला उजळायला ०.२ ते ०.३ अँपिअर लागतात, पण बल्बचा स्वतःचा रोध शून्य मानला तरी तुमच्या लिंबांतून ३.६ भागिले ४,००० म्हणजे ०.०००९ अँपिअर, एक मिलिअँपिअरसुद्धा नाही, एवढाच प्रवाह निघू शकतो. सगळे विभवांतर लिंबांच्या आतच खर्च होते आणि बल्बच्या टोकांना जवळजवळ काही उरत नाही. विश्वास बसत नसेल, तर बल्ब जोडलेला असतानाच मल्टिमीटर पुन्हा लावून पाहा. आकडा कोसळलेला दिसेल. हा आकडा तक्त्यावर लिहून ठेवा, परीक्षकांना एलईडीपेक्षा तोच जास्त आवडेल. लाल एलईडीला सुमारे १.८ व्होल्ट मिळाले की अर्ध्या मिलिअँपिअरलाही तो मंद लागतो, म्हणून तो लागला.

प्रवाह वाढवायचा असेल, तर पट्ट्या आणि खिळे जास्त खोल व एकमेकांच्या जवळ खुपसा, मात्र आत एकमेकांना टेकू देऊ नका. लिंबे आधी टेबलावर दाबून मऊ करून घ्या. चार-चार लिंबांच्या दोन रांगा करून त्या समांतर जोडल्या, तर व्होल्ट तेवढेच राहून प्रवाह वाढेल. टॉर्चचा बल्ब त्यानेही लागणार नाही, हे आताच सांगून ठेवतो.

आणखी एक. प्रदर्शनात ‘लिंबातून वीज’ असा फलक लावण्याची पद्धत आहे. ऊर्जा लिंबातून येत नाही, ती जस्त विरघळण्याच्या रासायनिक क्रियेतून येते. लिंबू केवळ आम्लाचे काम करते. खिळे काढून पाहिले, तर मुलामा काळवंडून झिजलेला दिसेल. जस्त रसात उतरलेले असल्यामुळे ती लिंबे नंतर सरबताला वापरू नका.

प्रश्न : बटण दाबताच दिवा लागतो. म्हणजे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाने धावतात का? आणि ते ऋणाकडून धनाकडे जात असतील, तर प्रवाहाची दिशा पुस्तकात उलटी का दाखवतात? (इयत्ता दहावी, पणजी)

इलेक्ट्रॉन प्रत्यक्षात मुंगीपेक्षा कितीतरी हळू सरकतात. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून १ अँपिअर एकदिश प्रवाह वाहत असेल, तर इलेक्ट्रॉनांचा सरासरी पुढे सरकण्याचा वेग सेकंदाला सुमारे ०.०७ मिलिमीटर असतो, म्हणजे तासाभरात ते पाव मीटरच्या आसपास जातात. घरातला पुरवठा तर प्रत्यावर्ती, सेकंदाला ५० आवर्तनांचा. त्यात ते एवढेही जात नाहीत, जागच्या जागी एक सहस्रांश मिलिमीटरहूनही कमी अंतरात पुढे-मागे हेलकावत राहतात. तरीही दिवा लगेच लागतो, कारण काठोकाठ भरलेल्या नळीत इकडून थोडे पाणी ढकलले की तिकडून लगेच पाणी बाहेर पडते, तसे तारेत सर्वत्र इलेक्ट्रॉन आधीपासूनच असतात. बटण दाबल्यावर प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास जाणाऱ्या वेगाने पसरते ते विद्युतक्षेत्र, आणि ते पोचताच दिव्याच्या आतले इलेक्ट्रॉन हलू लागतात.

दिशेचे कारण ऐतिहासिक आहे. धन आणि ऋण ही नावे अठराव्या शतकाच्या मध्यावर बेंजामिन फ्रँकलिनने रूढ केली. इलेक्ट्रॉनचा शोध जे. जे. थॉमसनने १८९७ मध्ये लावला. मधल्या दीडशे वर्षांत सगळे नियम, आकृत्या आणि यंत्रे ‘प्रवाह धनाकडून ऋणाकडे’ हे धरूनच तयार झाली होती, आणि त्याने गणितात कोठेही चूक होत नसल्यामुळे संकेत बदलण्याची गरज कोणाला वाटली नाही. परिपथाची आकृती काढताना बाण सेलच्या धन टोकाकडून बाहेरच्या तारेतून ऋण टोकाकडे दाखवावा. इलेक्ट्रॉनांची दिशा वेगळी विचारली असेल, तरच ती उलट दाखवावी.